शिशाचे नगर

इलिनॉय राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, मिसिसिपीला जाऊन मिळणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी, उभ्या टेकड्यांच्या कुशीत वसलेले गलीना हे माझे आजचे वसतिस्थान. वस्ती जेमतेम तीन हजारांची. परंतु मुख्य रस्त्याच्या दुतर्फा विटांच्या भारदस्त इमारती अशा दाटीने उभ्या आहेत की, एवढ्याशा गावाला हे ऐश्वर्य कोठून प्राप्त झाले असावे, असा प्रश्न नवागताच्या मनात उत्पन्न झाल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर येथील भूमीच्या उदरात सापडते.

या टेकड्यांत शिसे विपुल होते, आणि गोरे लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून मेस्क्वाकी, सॉक व हो-चंक लोक ते खणून काढीत. खणण्याचे बरेचसे काम स्त्रियाच करीत आणि फ्रेंच व्यापाऱ्यांशी त्याचा विनिमय चाले. १८०७ साली संघराज्याच्या सरकारने शिशाच्या जमिनी आपल्या ताब्यात राखून त्या मक्त्याने देण्याचा कायदा केला. १८२२ साली केंटकीच्या जेम्स जॉन्सन याने असा मक्ता मिळविला आणि खाणकामगारांबरोबर गुलामही आणून येथे मोठ्या प्रमाणावर काम आरंभिले. १८२६ साली गावाला आजचे नाव मिळाले. सरकारी अंमलदार वितळविलेल्या शिशाचा दहावा हिस्सा महसूल म्हणून वसूल करीत. मात्र ज्यांच्या मुलखावर ही आकारणी चाले, त्या हो-चंक लोकांच्या हद्दीत खाणकऱ्यांची घुसखोरी वाढतच गेली. त्यातून १८२७ साली संघर्ष पेटला आणि १८२९ साली प्रेअरी दु शीन येथे झालेल्या तहाने ती भूमी त्यांच्या हातून कायमची गेली.

त्यानंतरची दोन दशके उत्कर्षाची. १८४५ साली या बंदरातून सुमारे ५ कोटी ४० लाख पौंड शिसे रवाना झाले; देशाच्या एकंदर उत्पादनाचा फार मोठा वाटा एकट्या या प्रदेशाचा होता. धक्क्याला आगबोटींची रीघ लागे, आणि शिशाबरोबर धान्य, कापड, कातडी यांचा व्यापारही येथे भरभराटीला आला. परंतु ज्या नदीने हे सारे वाहून नेले, तिच्याच विनाशाची तयारी त्याच काळात चालली होती. भट्ट्यांच्या सरपणासाठी टेकड्यांवरील वृक्षराजी तोडली गेली, खाणींच्या खड्ड्यांनी व नांगराने उतार उघडे पडले, आणि प्रत्येक पावसाळी लोंढ्याबरोबर माती पात्रात उतरून, जेथे मोठ्या आगबोटी लीलया येत असत, तेथे नाव चालविणेही दुर्घट होऊन बसले. वरच्या थरातील शिसे संपत आले. १८४९ साली सोने सापडल्याच्या वार्तेने अनेक खाणकरी कॅलिफोर्नियाला गेले. आणि १८५४ साली आलेला इलिनॉय सेंट्रलचा लोहमार्ग पुढल्याच वर्षी मिसिसिपीच्या काठापर्यंत पोचल्यामुळे व्यापार गावाला वळसा घालून निघून गेला.

या उतरत्या काळातील दोन पुरुषांचे मला विशेष अगत्य वाटते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला युलिसिस ग्रांट १८६० साली वडिलांच्या कातड्याच्या दुकानात काम करण्यासाठी येथे आला आणि पुढल्याच वर्षी यादवी युद्धावर गेला. त्याचा येथील मित्र ईली पार्कर हा सेनेका जमातीचा. मूळ रहिवासी म्हणून नागरिकत्व नसल्यामुळे वकिलीची सनद नाकारलेला हा विद्वान स्थापत्यविशारद झाला आणि येथील टपाल व जकात कचेरीच्या दगडी इमारतीचे बांधकाम त्याच्या देखरेखीखाली पार पडले. १८६५ साली अ‍ॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेच्या सैन्याच्या शरणागतीच्या अटींची अधिकृत प्रत याच पार्करने आपल्या हस्ताक्षरात लिहिली. ज्या नगराची उभारणी मूळ रहिवाशांना हुसकावून झाली, तेथे सरकारची सर्वांत देखणी वास्तू एका मूळ रहिवाशाच्या निगराणीखाली उभी राहावी, ही घटना मला फार अंतर्मुख करते.

जुन्या वास्तू पाडून नव्या उभारण्याइतका पैसा पुढे गावाजवळ उरला नाही, आणि म्हणूनच त्या आजही उभ्या आहेत. १९५१ साली पुरापासून बचावासाठी मुख्य रस्त्याच्या तोंडाशी अवजड दरवाजे बसविण्यात आले. आज त्या दरवाजांतून येणारा प्रवासी विटांचे सौंदर्य पाहून संतुष्ट होतो, आणि ते सौंदर्य खरेही आहे. परंतु दूरदेशाहून येऊन जो येथे घर करतो, त्याला एवढ्यावर संतोष मानता येत नाही. वारसा म्हणजे केवळ मत्ता नव्हे. तिच्यासह देणेही पत्करावे लागते. टेकड्यांवर पुन्हा झाडे लावणे, पात्रात माती उतरू न देणे आणि हो-चंक लोकांचे नाव गावाच्या इतिहासात प्रथम स्थानी लिहिणे, हे या गावाचे देणे आहे. आणि जन्माने नसलो तरी वास्तव्याने येथला झाल्यावर, त्यातील माझा हिस्सा मी फेडलाच पाहिजे.