माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि आईचे पाळणे



ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, आपण कपाटातले ग्रंथ बाहेर काढतो, धूळ पुसतो, वेष्टन बदलतो आणि पूजा करतो. आचार्य धरसेनांकडून पुष्पदंत आणि भूतबली या मुनींनी ज्ञान घेतले, षट्खंडागम लिहून पूर्ण झाला आणि या तिथीला त्याची पूजा झाली, ही कथा आपल्याला पाठशाळेपासून पाठ आहे. या वर्षी माझ्या घरी ग्रंथांबरोबर आणखी एक वस्तू झाडूनपुसून निघाली. १९९९ साली घेतलेला, विंडोज ९८ वर चालणारा, पिवळट पडलेला एक जुना कॉम्प्युटर. तो मी सांगलीहून साताऱ्याला आणला तेव्हा घरात सगळे हसले. भंगारवाला याचे किती देईल, असा हिशोबही झाला. तो का आणला आणि कसा चालू केला, ते आज लिहिते.

माझ्या माहेरी, सांगलीला, दादाचे डीटीपीचे छोटे दुकान होते. लग्नपत्रिका, पंचकल्याणकाच्या पत्रिका, पाठशाळेची हस्तपत्रके अशी कामे चालत. आईने तरुणपणापासून बायकांची गाणी वहीत उतरवून घेतली होती. तीर्थंकरांचे पाळणे, मरुदेवीचे आणि त्रिशलामातेचे डोहाळे, जात्यावरच्या ओव्या, व्रताच्या कथा. छापील पुस्तकात नसलेली, सासूकडून सुनेकडे आलेली. दुकान बंद झाल्यावर रात्री आई सांगायची आणि दादा टाइप करायचा. अशी ६३ गाणी झाली होती. पुस्तक काढायचे ठरले होते, ते राहून गेले. पुढे दुकान बंद झाले, कॉम्प्युटर माळ्यावर गेला आणि वह्या खालच्या खोलीतल्या ट्रंकेत राहिल्या.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. आमच्या वह्यांचा लगदा झाला. माळा तेवढा कोरडा राहिला. आई आता ८३ वर्षांची आहे. चाल तिला पक्की आठवते, दोन ओळी म्हणते आणि पुढचे शब्द सुटतात. मग ती नुसती मान हलवत बसते. म्हणून तो डबा भंगारात देणे मला पटेना.

एका ओळखीच्या मुलाने सांगितले, "काकू, हार्ड डिस्क तेवढी काढा, फाइली कॉपी करा, बाकीचे फेका." सल्ला अर्धा बरोबर होता. पण त्या काळातले मराठी टायपिंग आजच्यासारखे नव्हते. आज आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोडमध्ये. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे. तेव्हा श्रीलिपी, आकृती अशी सॉफ्टवेअर वापरत. फाइलमध्ये साठवलेली असत इंग्रजी अक्षरांचीच चिन्हे, आणि त्यावर मराठी अक्षरांचा चेहरा चढवायचे काम फॉन्ट करायचा. तो फॉन्ट नसेल तर पाळण्याच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि टिंबांचा कचरा दिसतो. शिवाय काही सॉफ्टवेअरला डोंगल असे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे लावायचे एक छोटे कुलूप. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. आमचे डोंगल मागे तसेच लावलेले होते. आईने तपासलेला मजकूर जसाच्या तसा बघायचा तर तोच कॉम्प्युटर उठवायला हवा होता.

झाकण काढले आणि पहिली अडचण विजेची नव्हतीच, जीवांची होती. आत काळ्या मुंग्या होत्या. एका कोपऱ्यात कोळ्याची अंड्यांची पांढरी पिशवी होती. पंख्याच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले होते. दुरुस्तीवाले अशा वेळी ब्लोअर मारतात किंवा फवारणी करतात. आपल्याला ते चालणार नाही. मुनींच्या पाच समित्यांत आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी नीट बघावे, कोणा जीवाला इजा होऊ देऊ नये. आपण श्रावक, आपल्याकडून सगळे पाळले जात नाही. तरी चूल पेटवताना, केर काढताना जी जपणूक आपण करतो तीच इथे करायची, एवढे मी ठरवले.

मुंग्यांसाठी डबा व्हरांड्यात सावलीत आडवा, उघडा ठेवला. उजेड आणि वारा लागल्यावर त्यांनी आपली अंडी उचलून नेली. चार दिवस लागले. मातीच्या घराला भोके पडलेली होती, म्हणजे आतली पिल्ले केव्हाच उडून गेलेली. ते ओल्या कापडाने अलगद सोडवले. कोळ्याची पिशवी ज्या पत्र्याच्या पट्टीला होती ती पट्टी स्क्रू काढून बागेत भिंतीच्या फटीशी ठेवली. सगळे मिळून आठ दिवस गेले. वीस वर्षे जे थांबले होते त्याला आठ दिवसांनी काही फरक पडला नाही.

मग धूळ. मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने आणि दिवसाउजेडी. या कामात प्लग काढलेला असावा आणि सुरू करण्याआधी पत्र्याच्या डब्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी. एक गोष्ट मात्र कोणीही घरी करू नये: एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा चौकोनी डबा, उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते आणि तिचा झटका जोराचा असतो. मी तो न उघडता पोवई नाक्याजवळच्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या काकांकडे नेला. त्यांनी मीटर लावला. पिवळ्या वायरवर १२, लाल वायरवर ५ आणि नारिंगी वायरवर ३.३ व्होल्ट यायला हवेत. पिवळ्यावर जेमतेम ९ आले. तसाच जोडला असता तर हार्ड डिस्क नीट फिरली नसती. त्यांच्याकडचा जुना पण तपासलेला दुसरा डबा घेतला.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारी दोन कपॅसिटर डोक्यावर फुगलेले होते. चांगल्या कपॅसिटरचे डोके सपाट असते. फुगला किंवा तपकिरी द्रव बाहेर आला की तो गेला असे समजावे. त्या सुमाराच्या कितीतरी बोर्डांत हा दोष निघतो. काकांनी तितक्याच मायक्रोफॅरडचे आणि तितक्याच व्होल्टचे नवे बसवले, उणे बाजूची पट्टी बघून. माझ्या हाताला डाग द्यायची सवय नाही, म्हणून ते काम त्यांचेच.

घरी आणून पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा पडदा काळाच राहिला आणि लांब लांब शिट्ट्या यायला लागल्या. या शिट्ट्या म्हणजे कॉम्प्युटरची भाषाच. पडद्यावर काही दाखवता येत नसेल तेव्हा तो आवाजाने दुखणे सांगतो. अशी लांब शिट्टी सारखी येत राहिली की बहुतेक वेळा रॅम नीट लागलेली नसते. प्लग काढून रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडा शाळेच्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, कीस झटकला, पट्टी परत दाबून बसवली. एक छोटी शिट्टी आली आणि पडदा उजळला. पण त्याला तारीख आठवत नव्हती आणि हार्ड डिस्क ओळखता येत नव्हती. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी सीआर २०३२ ही ३ व्होल्टची बॅटरी असते. बंद असतानाही तारीख आणि मांडणी लक्षात ठेवायचे काम तिचे. ती मेलेली होती. घड्याळाच्या दुकानात मिळते तीच घातली, तारीख लावली, डिस्क शोधायला सांगितली. तिने स्वतःला ओळखले.

इथे मी पुढे गेले नाही. जुनी डिस्क किती वेळ फिरेल याचा भरवसा नसतो, म्हणून आधी ती बाहेर काढून यूएसबीच्या अडॅप्टरने लॅपटॉपला जोडली आणि सगळीच्या सगळी उतरवून घेतली. मगच परत आत लावून विंडोज सुरू केले. ६३ फाइलींपैकी ५९ उघडल्या. चारांची जागा डिस्कवर खराब झाली होती.

आता गंमत ऐका. युनिकोडमध्ये बदलताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा चुकतात, कारण जुन्या पद्धतीत ती डोळ्याला दिसतात त्या क्रमाने टाइप होत. सगळीकडे 'कर्म'चे 'कमर्' आणि 'धर्म'चे 'धमर्' झाले. एकेक ओळ जुन्या पडद्यावर बघून मी दुरुस्त केली. शेजारी आई बसलेली. एका पाळण्याला ती एकदम म्हणाली, "अगं, हे रेंदाळच्या काकूंचं. आमच्याकडं शेवटचं कडवं वेगळं होतं." आणि ते वेगळे कडवे तिने म्हटले, पूर्ण. मी तेही खाली लिहून घेतले, दोन्ही ठेवले.

आपल्या भागाला हे काम नवे नाही. मूडबिद्रीला ताडपत्रांवर जपलेल्या आगमाचा काही भाग किड्यांनी खाल्ला हे कळल्यावर आचार्य शांतिसागर महाराजांना फार वाईट वाटले. त्यांच्या प्रेरणेने धवला, जयधवला, महाधवला तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतल्या गेल्या, आणि ते ताम्रपट आपल्या सातारा जिल्ह्यात फलटणला आहेत. तिकडे अमरावतीला डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून धवलेसह षट्खंडागम छापायला घेतला. १९५८ पर्यंत त्याचे १६ भाग झाले. ताडपत्र, तांबे, कागद, डिस्क. कोणतीच वस्तू कायमची नाही, अनित्य भावना आपण रोज म्हणतो. एकीचे आयुष्य संपायच्या आत मजकूर दुसरीवर उतरवणे एवढेच आपल्या हातात असते. आईची गाणी म्हणजे आगम नव्हे, हे मला कळते. पण आगमातल्या कथा आमच्या घरात लेकरांच्या कानावर आधी पाळण्यातूनच पडल्या.

कोणी विचारेल, जुनी पेटी धरून ठेवणे हा परिग्रह नाही का? काम झाल्यावर ती मी ठेवणार नाही. मात्र भंगारवाल्याला देणार नाही. तांब्यासाठी वायरी जाळतात, बोर्ड आम्लात टाकतात, जुन्या मॉनिटरच्या काचेत शिसे असते. तो धूर आणि ते पाणी किती जीवांना लागत असेल. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच तो जायला हवा.

एक प्रश्न राहिला. दादाने फ्लॉपीवर प्रती काढल्या होत्या. बारापैकी सातांवर पांढरी बुरशी आहे. ती पुसल्याशिवाय फ्लॉपी घातली तर वाचणारे यंत्रही बिघडते. हरवलेली चार गाणी कदाचित त्यातच असतील. घर चालवताना होणारी आरंभी हिंसा श्रावकाला पूर्ण टळत नाही, हे खरे. पण जाणूनबुजून बुरशी पुसायची आणि त्यातून बाळाचा पाळणा काढायचा, हे माझ्या मनाला पटले नाही. फ्लॉप्या डब्यात तशाच आहेत. तुमचे मत वेगळे असू शकते.

मी दुसरी वाट धरली आहे. फाइलींच्या नावांवरून ती चार गाणी कोणती ते कळले: मरुदेवीचे डोहाळे, नेमिनाथांचा पाळणा, पार्श्वनाथांचा पाळणा आणि अनंतव्रताची गाण्यातली कथा. तुमच्या आजीला, आत्याला, गावातल्या कोणा म्हाताऱ्या काकूंना यातले काही येत असेल तर त्यांच्यापाशी बसा, म्हणवून घ्या, आणि मला कळवा. अर्धे आठवत असले तरी चालेल. आईला चाल येते.