आजीचा सा आणि माझा बास

सुट्टीला निघाले की रूमपार्टनर हमखास विचारतात, "पनवेलला ना?" नाही गं, उरणच्या पुढे, मोरा! भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसायचं आणि जिथे उतरायचं ते मोरा. (आता उरणला लोकलही येते, जानेवारी २०२४ पासून. पण लाँचची मजा काही और.)

तर, आमची आजी धवलारीण आहे. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाऊन एकेक विधी पार पाडते. आजीला पेटी लागत नाही, ढोलकी लागत नाही, नुसता गळा! मी पडले कॉन्व्हेंटवाली. शाळेत पॅरेंट्स-डेला आजी आली की मी तिला "हळू बोल ना" म्हणायचे. हे लिहिताना आज लाज वाटते. गेल्या दिवाळीत तिचा खोकला वाढला, गाताना दम पुरेना, आणि एकदम लक्षात आलं की हे सगळं फक्त तिच्या डोक्यात आहे. आमच्या घरात एक ओळसुद्धा कुणी लिहून ठेवलेली नाही.

म्हणून रेकॉर्डिंग. आणि त्यात बास घालायचा, हे माझं खूळ. शाळेच्या क्वायरमध्ये सिस्टर डाव्या हाताने पियानोचे खालचे सूर वाजवायच्या. त्या थांबल्या की आम्ही तीस मुली अचानक उघड्यावर पडल्यासारख्या वाटायचो. तेव्हापासून बासचं वेड. एका सीनियरचा सेकंडहँड बास गिटार मी शिकवण्या घेऊन मिळवलेल्या पैशांत उचलला होता.

सामानाचं म्हणाल तर सगळे सांगत होते, कंडेन्सर माईक घे, स्टुडिओत तोच असतो. बरोबर आहे, पण तो स्टुडिओत! त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर द्यायचा आणि बदल्यात तो पंखा, फ्रिज, शेजारची कोंबडी, सगळं इमानदारीत ऐकवणार. मी साधा डायनॅमिक माईक घेतला. तोंडाजवळ धरला की तो लांबचं फारसं मनावर घेत नाही. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस मात्र हवाच. लॅपटॉपच्या स्वतःच्या साउंडकार्डवर तार छेडल्यावर आवाज इतका उशिरा कानात येतो की ताल धरताच येत नाही. इंटरफेसवर १२८ सॅम्पलचा बफर ठेवला की ४४.१ किलोहर्ट्झला तेवढ्यापुरता उशीर फक्त तीन मिलिसेकंद. सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट.

उरला लाँचचा भोंगा. त्यावर उपाय समुद्रानेच दिला. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला मोऱ्याच्या बंदरात गाळ उघडा पडतो आणि लाँच बंद राहते. म्हणून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, फ्रिजची पिन काढून आम्ही बसलो. आजी एकोणीस कडवी गायली. मधे दोनदा पाणी प्यायली, बस्स.

खरी गंमत पुढे. बास लावायला घेतला तर पहिल्या कडव्याला जुळतोय, सहाव्याला खटकतोय, पंधराव्याला तर कान किटतायत! ट्यूनर लावून बघितलं. आजीचा सा २२० हर्ट्झला सुरू होऊन हळूहळू चढत चढत शेवटी जवळजवळ अर्धा सूर वर गेला होता. आणि बासच्या पट्ट्या ठोकलेल्या, एका पट्टीवरून दुसरीवर गेलं की सहा टक्क्यांची उडी. मधलं काही नाही.

चुलतभाऊ म्हणाला, आजीचाच आवाज सरळ कर, सॉफ्टवेअरमध्ये होतं. केला. आजी रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखी ऐकू यायला लागली! लगेच पुसून टाकलं. मशीनचा बास वापरायचाही विचार आला. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र मुळात एकट्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी म्हणून निघालं. समोरच्याच मुंबईतल्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली त्यावर चक्क राग बसवले. पण त्या यंत्रामागे माणसाने जायचं असतं, आणि आमची आजी कुणाच्या मागे जाणारी नाही. तेव्हा मीच तिच्या मागे गेले. प्रत्येक कडव्याआधी तिचा सा मोजायचा, तार तेवढी पिळायची, फक्त तो एक सूर धरून ठेवायचा. एकोणीस कडवी, एकोणीस वेळा ट्यूनिंग. बोटं सोलली.

मग एम-थ्री आणि फिजिक्सने सूड घेतला. खोली दहा बाय दहा. समोरासमोरच्या भिंतींत ५६-५७ हर्ट्झची अर्धी लहर बरोब्बर मावते, आणि माझा सूर ५५ चा! भिंतीला टेकलं की घुमतो, खोलीच्या मध्यभागी गायब. मी मध्यभागी बसून आवाज वाढवत बसले. काकांच्या मोठ्या स्पीकरवर लावलं तेव्हा मांडणीवरची भांडी वाजली. पुन्हा सगळं हेडफोनवर केलं. आत्याने मोबाईलवर ऐकून विचारलं, "बास कुठाय?" मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमधून ५५ निघतच नाही. मग सुराला जरा खरखर दिली, म्हणजे वरचे ११०, १६५ ठळक होतात आणि खालचा सूर कान स्वतःच भरून घेतो. फूरियर सिरीज व्हायवाशिवाय कुठे कामी येते हे मला पहिल्यांदा कळलं. (मॅडम, वाचत असाल तर सॉरी.)

शेवटी आजीच्या कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून बसली. चौथ्या कडव्याला म्हणाली, "मागं कोन घुमतंय? लाँच आली काय?"

"आजी, मी वाजवतेय."

"तू?" पुढे बराच वेळ काही बोलली नाही. माझा जीव टांगणीला. बंद कर म्हणाली असती तर बास काढून टाकायचा असं मी ठरवूनच बसले होते. अकराव्या कडव्यानंतर तिने हेडफोन काढला.

"यो नाय बरोबर."

"बास नको?"

"तो र्‍हाऊंदे. मधला एक कडवा र्‍हायला ना माझा! हलदीचा. परत घे."

पुढची पौर्णिमा नेमकी सबमिशनच्या आठवड्यात येतेय. दोन जर्नल्स अजून कोरी आहेत. कुणाची पूर्ण असतील तर रूमवर आणून द्या, मी लाँच पकडतेय.