२२ नंबरचं आभाळ

मे महिन्यात जालन्याचं आभाळ निळं नसतं. उन्हानं आणि धुळीनं ते पत्र्यासारखं पांढुरकं पडतं, आणि दुपारी गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. लहानपणी त्या सुट्ट्यांत आमच्या वाट्याला निळं आभाळ एकच होतं, टीव्हीवरच्या गेममधलं. मारिओच्या डोक्यावरचं.

परवा रात्री ते लॅपटॉपवर आणायला बसलो. जुने गेम चालवणारा एम्युलेटर सुरू झाला, ओळखीची ट्याँव-ट्याँव वाजली, आणि वर पसरलं ते भलतंच: वांग्याच्या फुलासारखं जांभळट. ब्राइटनेस, सॅच्युरेशन, गॅमा, एकेक पट्टी सरकवता सरकवता दोन वाजले.

मग वाचत बसलो. १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रातली चित्राची चिप लाल-हिरवा-निळा असा हिशेब ठेवतच नाही. तिच्याकडे एक लहर. ती तीस-तीस अंशांनी सरकवली की बारा रंग, आणि त्यांना उजेडाच्या चार पायऱ्या. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधलं दिवसाचं आभाळ म्हणजे तिच्या लेखी नुसता २२ नंबर. तो निळा नेमका कसला, हे ठरवायचं टीव्हीनं. म्हणजे ज्याचा टीव्ही, त्याचं आभाळ. म्हणूनच एम्युलेटरांत एकाच गेमचे इतके निरनिराळे रंगसंच सापडतात, आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच खरा.

आमच्याकडचा डबाही फॅमिकॉमची नक्कलच. अँटेनाच्या भोकात वायर खुपसायची, टीव्हीच्या झाकणामागचं बारीक चाक नखानं फिरवायचं, की मुंग्यांतून मारिओ उगवायचा. एम्युलेटरमधल्या त्या पट्ट्यांपैकी एक होती 'ह्यू'. अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीत रंग वाटेत घसरायचे, म्हणून तिथल्या टीव्हींना ते सावरायचं बटण असे. आपल्याकडे १९८२ साली रंग आले ते 'पाल' पद्धतीनं. तिच्यात एकाआड एक ओळीत लहर उलटी करतात, एका ओळीची चूक दुसरीत जिरते. आमच्या टीव्हीला ते बटणच नव्हतं. आणि मी तासभर नेमकी तीच पट्टी फिरवत होतो.

आमचे रंग सावरायचा तो स्टॅबिलायझर. दिवेलागणीला व्होल्टेज पडलं की तो कट-कट करायचा, चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं, मारिओ बुटका व्हायचा. औरंगाबादपलीकडे चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता, त्यामुळे गल्लीत कुणाचा ना कुणाचा मेहुणा 'टीव्हीतला माणूस' निघायचाच. दुरुस्तीला मात्र सायकलवरून मिस्त्रीच यायचे.

एकदा ते आले माझ्यामुळे. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक मी काचेला लावून पाहिलं होतं. रंग भोवऱ्यासारखे गरगरले. मजा वाटली म्हणून पुन्हा लावलं. काढल्यावर कोपऱ्यात बशीएवढा जांभळा-हिरवा डाग राहिला. काचेमागच्या जाळीत चुंबकपण मुरलं होतं.

"लोहचुंबक कामून लावलं रे?" मिस्त्रींनी विचारलं. पिशवीतून तारांचं चाळणीएवढं कडं काढलं, प्लगात लावलं आणि पडद्यासमोर गोल गोल फिरवलं. मग आरतीचं ताट फिरवावं तसं फिरवत फिरवत पाऊल-पाऊल मागे सरकत थेट उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथं बटण बंद केलं. जवळ असताना बंद केलं असतं तर नवीनच डाग पडला असता.

माझ्या आठवणीत तरी थोडा डाग राहिलाच. मारिओ नाणी वेचत उजवीकडे जायचा आणि त्या कोपऱ्यातले ढग नेहमी हिरवट असायचे.

तर शेवटी असं केलं. नळीच्या पडद्याचा आभास देणारा शेडर लावला, आडव्या रेघा आल्या, विटांच्या कडा विरघळल्या, आभाळ बरंचसं निवळलं. तरी काहीतरी कमी वाटत होतं. म्हणून एक पारदर्शक चित्र रंगवलं, बशीएवढा डाग, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवून धाकट्या भावाला पुण्याला फोटो पाठवला.

"उजवीकडे कुठं? डावीकडे होता," तो म्हणाला. "दादा, तू खाटेवर बसायचास, मी खाली. मला चांगलं आठवतं."

वाद आईकडे गेला. तिनं फोटो लांब धरून पाहिला, चष्मा वर-खाली केला.

"डाग गेला होता," ती म्हणाली. "तीस रुपये मोजलेत मी मिस्त्रींना."