पांढुर्ण्याच्या अंगणात शिडाची बोट

पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला होडीतलं काय कळणार, असं भोपाळमधले माझे मित्र म्हणतात. त्यात फारसं खोटं नाही. आमच्या जाम नदीचं नाव निघतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे. नदीत नाव चाललेली मी तरी पाहिली नाही. उन्हाळ्यात तर घोटाही धड भिजत नाही. पण भेगांच्या बाबतीत आम्ही कोणाला ऐकणार नाही. काळ्या मातीचा मुलूख आमचा. ही माती पावसात फुगते, मे महिन्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती घरांच्या पायाखाली. त्यामुळे गावात बहुतेक घरांच्या भिंतीवर कुठेतरी एक तिरपी रेघ असते आणि तिच्यावर कॅलेंडर लावलेलं असतं.

माझे बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. नोकरीभर त्यांनी शाळा, पूल, दवाखाने यांच्या भेगा पाहिल्या. तेव्हा बोटीचं हे प्रकरण त्यांच्या अंगणात गेलं, यात नवल नाही.

माझी लेक भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाची बोट चालवायला शिकते. मध्य प्रदेशाला समुद्र नाही, तरी देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर याच तलावावर शिकली आणि 2023 साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत रौप्यपदक घेऊन आली. त्याच सुमारास पांढुर्णा आणि सौंसर मिळून आपला वेगळा जिल्हाही झाला. घरात पेढे दोनदा आले. लेकीच्या डोक्यात मात्र जिल्हा नव्हता, शीड होतं.

तिची बोट ऑप्टिमिस्ट जातीची. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची, लांबी 2.30 मीटर, शीड-डोलकाठी सोडून वजन 35 किलो. 1947 साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी ती पहिल्यांदा आखली तेव्हा प्लायवुडची होती, आता फायबरग्लासची असते. दिसायला आंघोळीच्या टबासारखी. पण तिच्यात एकटंच मूल बसतं, हे आईबापांनी लक्षात ठेवायचं. आम्ही घेतली ती जुनी, दोन हात फिरलेली. पांढऱ्या अंगावर जागोजागी बारीक रेघा होत्या. विकणारा म्हणाला, "वरवरच्या आहेत, पुट्टी मारा, संपलं." प्रशिक्षक म्हणाले, "आधी तपासून घ्या, मगच पाण्यात उतरवू."

मृग बहाराची शेवटची संत्री भोपाळला टाकून एक पिकअप रिकामी परतत होती. तिच्यात गवत पसरून बोट ठेवली आणि बैतूल-मुलताईमार्गे ती पांढुर्ण्याला पोहोचली. अर्धी गल्ली बघायला जमली. एका आजींनी विचारलं, "एवढं मोठं टोपलं कायले आणलं व?"

बाबांनी बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि लेकीला विचारलं, "पुट्टी नंतर. आधी सांग, ही भेग जिवंत आहे का मेलेली?"

हा त्यांचा नोकरीतला प्रश्न. भिंतीला तडा गेला की ते त्याच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहीत. काही महिन्यांत काच फुटली तर भिंत अजून हलते आहे, म्हणजे भेग जिवंत. काच शाबूत राहिली तर जे व्हायचं ते होऊन गेलं, आता खुशाल गिलावा करा. जिवंत भेगेवर केलेला गिलावा म्हणजे सरकारी पैशाचा चुराडा, असं ते म्हणत.

बोटीला हा नियम लागतो का, हे समजायला तिची कातडी समजावी लागते. फायबरग्लासच्या बोटीवर सगळ्यात बाहेर जेलकोट असतो. रंग मिसळलेल्या रेझिनचा हा थर, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात काचेचे धागे नसतात, म्हणून तो चकचकीत पण ठिसूळ. त्याच्या आत काचेच्या धाग्यांचं खरं अंग. ते थोडं वाकतं आणि परत येतं. अंग वाकलं की कातडी तडकते. म्हणजे रेघ दिसते वर, पण कारण बरेचदा खाली असतं.

बाबांनी बोट धुऊन वाळवली आणि पाण्यात कालवलेली नीळ फडक्यानं तिच्यावर फिरवली. वरची नीळ पुसली की भेगांत गेलेली तेवढी मागे राहते. न दिसणाऱ्या रेघाही उठून आल्या. लेकीनं ड्रॉइंगच्या कागदावर बोट काढून एकेक रेघ तिच्यात उतरवली. मला विचाराल तर सगळ्या कामातलं हे सगळ्यात मोलाचं. तुकड्यातुकड्यानं बघत होतो तोवर नुसत्या रेघा होत्या, कागदावर आल्यावर त्यांचे आकार दिसले.

मागच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक जाळं होतं, ते उन्हाचं आणि वयाचं. पुढच्या कोपऱ्याजवळ एका बिंदूतून फुटलेली चांदणी होती. तिथे बोट कधीतरी धक्क्यावर आपटली असणार. तिसऱ्या जागी दोन-तीन रेघा एकीशेजारी एक, वाकत गेलेल्या, आणि त्यांच्यावर कोणीतरी आधीच भरलेली पुट्टी पुन्हा तडकलेली. ही जागा बोटीच्या पोटातल्या फटीच्या कोपऱ्यावर. त्या फटीतून एक फळी खाली पाण्यात सरकवतात, म्हणजे वारा बोटीला आडवी ढकलून नेत नाही.

"खिडकीचा कोपरा!" बाबा म्हणाले. भिंतीतही तिरपा तडा बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघतो, कारण भिंतीवरचा सगळा ताण भोकाला वळसा घालताना कोपऱ्यात गोळा होतो. 1954 साली कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेत फुटली. तपासात धातूच्या थकव्याच्या चिरा पत्र्यातल्या खिडकीसारख्या भोकाच्या कोपऱ्याशी सापडल्या. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोल का असतात, हे लेकीला त्या दिवशी आजोबांकडून कळलं.

मग नाणं. बाजारात मडकं घेताना वाजवून घेतो, तसं रुपयाच्या नाण्यानं ठोकत गेलो. जाळ्यावर टणटण, चांदणीवरही टणटण. फटीच्या कोपऱ्यावर मात्र भद्द आवाज. अंगठ्यानं दाबलं तर तिथे किंचित दबत होतं, आणि आतून टॉर्च मारल्यावर काचेचे थर पांढुरके पडलेले दिसले. लेक गप्प झाली. बोट भंगारात जाणार, असं तिला वाटलं.

सौंसरला कूलरच्या टाक्या आणि फायबरची दारं दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत. पूर्वी बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत काम केलेले. बोट त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली. हात फिरवून म्हणाले, "ताई, हे तं कातडी हाये. हाडाले किती लागलं, थे पाहा लागते." मग फटीत बोट घालून त्यांनी कारण दाखवलं. फळीला दोन्हीकडून धरणाऱ्या रबरी गाद्या झिजून गेल्या होत्या. फळी आत खडखडत होती आणि प्रत्येक लाटेला कोपऱ्यावर आपटत होती. वरून कितीही पुट्टी भरली असती तरी ती तडकलीच असती.

आधी दहा दिवस बोट सावलीत उलटी टांगून वाळवली. आमची लू एकदाची कामाला आली. मग आतून खराब थर घासून पक्क्या भागापर्यंत गेलो, अ‍ॅसिटोननं पुसलं आणि काचेच्या चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवले, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. कोपऱ्याला गोलाई दिली. नव्या गाद्या बसवल्या. त्यानंतर कुठे बाहेरच्या रेघांची पाळी. केसाएवढ्या भेगेत जेलकोट शिरत नाही, म्हणून ती आधी टोकदार हत्यारानं इंग्रजी व्हीच्या आकारात उघडायची. धडधाकट जागेवर चर पाडायला लेकीचा हात धजेना, तो आजोबांनी धरला.

ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळक सांगते. आपल्याकडे रेझिनबरोबर कोबाल्ट आणि हार्डनर अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. त्या दोन्ही एकमेकींत थेट कधीही मिसळायच्या नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच, आणि मुलांनी मोठ्यांशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात रेझिन वाटीतच घट्ट होतं, म्हणून आम्ही पहाटे सहाला बसायचो. जेलकोट हवेला उघडा राहिला तर वरून चिकटच राहतो. भरल्यावर त्याच्यावर प्लास्टिकची पारदर्शक फिल्म दाबून चिकटवली. दुसऱ्या दिवसापासून पाण्यात बुडवलेला पॉलिश पेपर, चारशेपासून हजारापर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुपारी घासताना मी लेकीला गोव्याची गोष्ट सांगितली. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. तिनं विचारलं, "त्यांच्या बोटीला भेगा पडल्या असत्या तर कारागीर कुठून आणला असता?" मी म्हटलं, तू आत्ता जे शिकते आहेस ते त्यांना यावंच लागतं.

मागचं जाळं बाबांनी भरू दिलं नाही. त्यातल्या लांब रेघांच्या टोकांना पेन्सिलीनं आडवी खूण केली आणि शेजारी तारीख घातली. बोटीला काच चिकटवता येत नाही, म्हणून हा उपाय. जूनमध्ये बोट भोपाळला परतली. प्रशिक्षकांनी कोपरा दाबून, ठोकून पाहिला आणि लेकीला पाण्यात सोडलं.

दिवाळीच्या सुट्टीत तिनं पुन्हा नीळ फिरवून फोटो आजोबांना पाठवले. फटीचा कोपरा स्वच्छ, चांदणी स्वच्छ. जाळ्यातली एक रेघ मात्र खुणेच्या दोन मिलिमीटर पुढे गेली आहे. खूणच जाड होती, असं लेकीचं म्हणणं. बाबांना ते पटलेलं नाही. संत्र्याची पुढची पिकअप रिकामी कधी परतते, याची चौकशी त्यांनी कालच फोनवरून केली.