ताप उतरल्यावर

आमच्या घरी पोराचा ताप उतरला म्हणून कुणी लगेच हुश्श करत नसे. आजी आधी तोंड उघडून बघायची. हिरड्या लालभडक, जिभेवर पांढुरके फोड दिसले की म्हणायची, ‘‘तोंड आलंय. आता आठवडाभर हा जेवायचा नाही.’’ मग टाकणखाराची लाही मधात खलून बोटाने आतून फिरवायची. त्या बोटाची चव मला अजून आठवते. आधी गोड, मग जीव नकोसा करणारी झोंबरी.

माझ्या मुलीवर ही वेळ आली तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी टाकणखार साफ मोडीत काढला. पोटात गेला तर तो विषारी. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. त्यांनी तळहात-तळपाय पाहिले. तिथे पुरळ असतं तर संशय कॉक्सॅकीसारख्या विषाणूंवर गेला असता. तळवे स्वच्छ होते, हिरड्या मात्र सुजलेल्या, हात लावताच रक्त येणाऱ्या. हर्पिस सिम्प्लेक्स. ‘‘दोनेक आठवड्यांत आपोआप बरं होईल. जेवली नाही तरी चालेल, पाणी पोटात गेलं पाहिजे. लघवीवर लक्ष ठेवा. दुखण्याला पॅरासिटामॉल, आणि थंड दूध, आइस्क्रीम, काय घेईल ते द्या.’’ तापातून उठलेल्या पोरीला आइस्क्रीम! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. पोरीने कुरकुर न करता खाल्लं ते तेवढंच.

फोड भरून येतात, विषाणू जात नाही. चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत तो जन्मभर मुक्काम ठोकतो. जागरण, ऊन, पुन्हा ताप, काहीही निमित्त पुरतं. ओठाच्या कडेला पुळ्यांचा झुबका हजर. माझ्याकडे तो दहावीच्या परीक्षेला आला, हळदीलाही आला. फोटोत मी ओठ मिटून बसलेय ती लाजून नव्हे.

लहानग्यांना तो बहुतेकदा मोठ्यांच्याच लाळेतून मिळतो. एखादा पापा, एखादा उष्टा चमचा. आजीच्या ओठावरही अशा पुळ्या उठत. आम्हा भावंडांचे मुके घेताना तिने कधी हात आखडता घेतला नाही. दुखणंही बहुधा त्याच मायेतून आलं असणार.

आता मी आजी झालेय. ओठ चुरचुरला की मी पाळण्यापासून लांब बसते. ‘‘आई, एवढं काय!’’ मुलगी म्हणते. इतक्या कोवळ्या जिवात हाच विषाणू मेंदूपर्यंत पोचू शकतो, हे मी तिला ऐकवते. मुके राहिले तर राहिले. खपली पडून ओठ कोरडा व्हायचा अवकाश, व्याजासकट वसूल करते.