काकांचा पोपटी

काका गेले त्याला एक पावसाळा उलटला. परवा चुलतभावानं त्यांची पत्र्याची पेटी पडवीत आणून उघडली आणि थिनरचा वास नाकात शिरला. आत जुन्या धोतराच्या फडक्यात एकेक करून गुंडाळलेले, मासे गरवायचे जिग : शिशाचं डोकं, मागे कोंबड्याची पिसं, त्यावर दोऱ्याचे आवळ वेढे.

"दादा, सगळ्यांचे फोटो काढ. पण रंग जसेच्या तसे हवेत. गरवणारे अजून काकांचा पोपटी मागतात. फोटो समोर ठेवून मला तो कालवता आला पाहिजे."

वस्तूंचे फोटो काढणं हा माझा धंदा, पण हा पोपटी भल्याभल्या कॅमेऱ्यांना दाद देत नाही. हा फ्लोरोसंट रंग. अतिनील आणि निळा उजेड पिऊन तो हिरवट-पिवळा उजेड बाहेर टाकतो, म्हणून उन्हात शेजारच्या पांढऱ्या कागदाहूनही उजळ दिसतो. कॅमेऱ्यात त्याचा नुसता सपाट लिंबू होतो. एक्स्पोजर उतरवावं तर रंग सापडतो आणि तेज जातं. पडद्यांसाठी 1996 साली ठरलेल्या एसआरजीबी रंगसंचाच्या हद्दीत तो मावतच नाही, छापखान्याच्या चार शायांत तर नाहीच नाही.

काका बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. सुटीवर आले की परड्यात चूल मांडून जाळ्यांची जुनी वजनं वितळवायचे. शिसं 327 अंशांना वितळतं, पण साच्यात थेंबभर ओल राहिली तर अंगावर उडतं. म्हणून साचा आधी वैलावर तापायला ठेवलेला असायचा. रंग दिला की एकच सांगणं : "उन्हात बघ." बल्बखाली रंगाबद्दल कुणाला बोलू देत नसत. आईही दुकानातली साडी पायरीवर नेऊन उन्हात धरायची. दोन रंग ट्यूबलाइटखाली जुळे वाटतात आणि बाहेर आणले की एकमेकांना ओळखही देत नाहीत, हे तिला आणि काकांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्याच काकांचा माझ्याकडे एकुलता एक रंगीत फोटो आहे, तो निळा. जांभ्याच्या गडग्यासमोर ते उभे, एका हातात तांबोशी, दुसऱ्या हातात लाल-पांढरा जिग. मागे लाल, मासा लाल आणि चेहरा बुडालेल्या माणसाचा. स्टुडिओवाल्यानं फोटो सरकवत सांगितलं, निगेटिव्हच तसं आहे. निगेटिव्ह तसं नव्हतं. प्रिंट करणारं यंत्र फोटोतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी धरून चालतं. चित्रात लालच लाल असलं की ते त्यावर निळा-हिरवा चढवतं. अशा वेळी माणसानं हातानं दुरुस्ती करायची असते. त्यानं केली नाही. तो राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

सरासरीचं हे तत्त्व कोडॅकच्या राल्फ इव्हान्स यांचं. याच इव्हान्सनी पुढे आणखी एक कोडं सोडवलं. 1861 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी चौकड्यांच्या फितीचं रंगीत चित्र दाखवलं. थॉमस सटन यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावांतून वेगवेगळे फोटो घेतले होते. पण तेव्हाच्या फोटोच्या काचांना लाल रंग दिसतच नव्हता, मग चित्रात लाल आला कुठून? शंभर वर्षांनी, 1961 मध्ये, इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की फितीचा लाल रंग अतिनील उजेडही परत टाकत होता. हा अतिनील उजेड लाल द्रावातून आरपार गेला आणि काचेवर उमटला. डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडानं लाल उभा केला होता.

पोपटी जिगचंही तसंच. एलईडीच्या उजेडात अतिनील जवळजवळ नसतं, म्हणून स्टुडिओतले दिवे मी सोडले आणि पडवीतच काम मांडलं. तिथं अंगणातली लाल माती जिगच्या पोटावर तांबूस छटा टाकत होती, तिच्यावर करडी चादर अंथरली. पांढऱ्याच्या मापाला छपाईचा कागद चालत नाही. त्यात निळसर चमक आणणारी रसायनं असतात. नळाच्या जोडाला गुंडाळतात ती टेफलॉनची टेप घेतली. ती खरी पांढरी. तिचा पट्टा प्रत्येक जिगशेजारी ठेवला आणि फोटोखाली वेळ आणि आभाळ कसं होतं ते लिहिलं. फ्लोरोसंट रंग उन्हात लवकर विटतो, म्हणून फोटो झाला की लगेच फडक्यात.

पेटीच्या तळाशी तो लाल-पांढरा जिग होता.

त्या फोटोचं निगेटिव्ह माझ्याकडे आहेच. ते स्कॅन केलं आणि हातातल्या जिगचा लाल स्कॅनमधल्या लालाशी जुळवला. गडगा तांबडा झाला, मासा तांबडा झाला, काकांच्या चेहऱ्यावरचा निळा ओसरला. काकूंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"हे एवढे उजळ सुटीवर आल्या आल्या असायचे. इंजिनात ऊन कुठलं? हा फोटो परत जायच्या आधीचा आहे, गरवून गरवून कोळसा झाले होते. काळे कर."

मी चेहरा एक पायरी गडद केला. "अजून," त्या म्हणाल्या. आणखी उतरवला. जिगही त्याबरोबर काळवंडला, तरी त्या अजून म्हणत राहिल्या.

शेवटी दोन प्रती केल्या. जिगवरून जुळवलेली चुलतभावाला दिली. काकूंनी सांगितलेली फ्रेम करायला टाकली आहे.