चापाची कुरकुर

जुनं एअर पिस्तूल घेताना लोक नळीत डोकावतात, सिलिंडरवरची तारीख बघतात, किमतीवर घासाघीस करतात. चाप ओढताना कान देणारा विरळाच. रेंजवर आजूबाजूला दहाजण छर्रे सोडत असतात, त्या फटफटाटात बारीक आवाज कळणार तरी कसा? तो कळतो घरी, रात्री, भिंतीसमोर उभं राहून रिकाम्या पिस्तुलावर सराव करताना.

"काका, ट्रिगर कुरकुरतोय," असं म्हणत एक मुलगी ऐन श्रावणात माझ्याकडे पोशीरला आली. पनवेलला कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली तेव्हापासून आमच्या कर्जत-खालापूरकडच्या पोरांनाही नेमबाजी आवाक्यातली वाटू लागली आहे. पण नवं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. म्हणून ही पोरं सीनियर खेळाडूंची वापरलेली पिस्तुलं घेतात आणि त्यात काही गैर नाही. चांगल्या कंपनीचं पिस्तूल नीट सांभाळलं तर दोन-तीन हात सहज बदलतं.

एवढ्याशा कुरकुरीचं इतकं काय, असं तिच्या वडिलांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाच्या चापावर किमान 500 ग्रॅम वजन पेललं गेलं पाहिजे, असा नियम आहे. पंचवीस मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलाला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतच्या प्रकारात, ते 1000 ग्रॅम असतं. अर्धा किलो म्हणजे बोटाला जेमतेम जाणवेल इतकं. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावरचा दहाचा गोल 11.5 मिलिमीटरचा, छर्रे 60, वेळ 75 मिनिटं. चाप दर वेळी त्याच जागी कुरकुरला की बोट त्या आवाजाची वाट बघायला लागतं. आवाज यायच्या आधी क्षणभर थबकतं किंवा तो चुकवायला घाईने ओढतं. छर्रा मग सात-आठात जातो आणि पोर स्वतःलाच दोष देत बसते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्येच बिघडलं. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, 575 गुण झाले, अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. यंत्राने दगा दिला तर त्या पातळीच्या खेळाडूचंही असं होतं. आमची मुलं तर अजून शिकतायत.

तिचं पिस्तूल हातात घेतल्यावर पहिली गोष्ट: सिलिंडर काढायचा, उरलेली हवा सोडायची, नळीतून सेफ्टी फ्लॅगची दोरी आरपार घालायची. याला अपवाद नाही, समोर कोणीही असो. त्यानंतर मी तिला पिस्तूल तिच्या पद्धतीने धरायला सांगितलं आणि चाप अगदी सावकाश ओढायला लावला. या चापाला दोन टप्पे असतात. पहिल्यात बोट नुसतं सरकत जातं, मग एक भिंत लागते, आणि ती ओलांडली की बार होतो. कुरकुर पहिल्याच टप्प्यात होती, भिंतीच्या बरीच अलीकडे. म्हणजे सिअरकडे, भिंत ओलांडताच सुटून बार करणाऱ्या खटक्याकडे, संशयाने बघायचं कारणच नव्हतं. इथे बरेच जण घोटाळा करतात. आवाज आला की अ‍ॅलन की घेऊन दिसेल तो स्क्रू फिरवतात आणि काहीजण तर सिअरच्या कडेला पॉलिश मारायला बसतात. ती कड हजारो वेळा तंतोतंत सुटावी म्हणून कारखान्यात घासलेली असते. तिला घरगुती कानस लावणं हा मला गुन्हा वाटतो.

पुढचं काम कानाचं. इंजिन ऐकताना मेकॅनिक करतो तसा लांब स्क्रू-ड्रायव्हरचा दांडा मी कानाला लावला आणि टोक फ्रेमवर टेकवलं. चाप ती ओढत होती. फ्रेमच्या मागच्या बाजूला आवाज पुसट, चापाच्या उजव्या अंगाला स्पष्ट. स्प्रिंगचं ग्रीस वाळलं की असाच आवाज येतो, म्हणून ग्रिप उतरवली आणि पुन्हा ओढून पाहिलं. कुरकुर गायब! ग्रिप चढवली की परत हजर. स्प्रिंग निर्दोष ठरली.

ग्रिप अक्रोडाच्या लाकडाची होती आणि आधीच्या मालकाने आपल्या हाताच्या मापाने तिच्यावर पुट्टी चढवलेली होती. नेमबाज हे करतातच, तळव्यात पोकळी राहू नये म्हणून. बोटाजवळची पुट्टीची एक कड चापाच्या अगदी लगत आली होती. त्या मालकाने हे पुट्टीचं काम उन्हाळ्यात केलं असावं. तेव्हा मध्ये फट असणार. आमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि पेटीतला फोमही ओल धरून बसतो, तशी ती फट बुजली. खात्रीसाठी चापाच्या उजव्या अंगाला काळ्या मार्करची शाई लावली, वाळू दिली, चाप वीसेक वेळा ओढला. शाईत तांदळाच्या दाण्याएवढी चकचकीत जागा उघडी पडली आणि पुट्टीवर तेवढाच काळा डाग. एवढा पुरावा हातात आल्यावरच मी हत्यार उचलतो.

बारीक सँडपेपर आइस्क्रीमच्या काडीला गुंडाळून फक्त तो डाग असलेली जागा घासली. थोडं घासायचं, ग्रिप चढवायची, ऐकायचं. चाप आणि पुट्टीमधून पोस्टकार्ड अडखळल्याशिवाय सरकेपर्यंत हे चाललं. उघड्या पडलेल्या जागेवर ओल आत शिरू नये म्हणून जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला. स्प्रिंग दोषी नव्हती, तरी समोर उघडीच होती, म्हणून सुईच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस तिला लावलं. त्याहून जास्त लावलं तर त्याच्यावर धूळ बसते आणि वर्षभरात त्याचा डिंक होतो.

मग वजन. नळी उभी धरून चापाला वजन अडकवायचं आणि पिस्तूल हळूच वर उचलायचं. चाप न सुटता वजन जमिनीवरून उचललं गेलं पाहिजे. घासण्याचा अडसर गेल्यामुळे चाप हलका झाला होता आणि 500 ग्रॅमला सुटत होता. स्पर्धेच्या तपासणीत हे उघडकीला आलं असतं तर हकनाक पंचाईत झाली असती. ताणाचा स्क्रू किंचित आवळला, वजन पुन्हा पुन्हा उचलून पाहिलं आणि पंचांच्या वजनात थोडा फरक पडला तरी निभावेल इतकी जागा ठेवली.

तिने उभं राहून बराच वेळ रिकामा सराव केला. शेवटी म्हणाली, भिंत आता आधीपेक्षा लवकर लागते. प्रत्यक्षात भिंत जिथे होती तिथेच होती, वाटेतला अडथळा तेवढा गेला होता. पण तिच्या बोटाला फरक कळला याचा मला आनंद झाला. पेटीत टाकायला सिलिका जेलच्या पुड्या दिल्या, रंग बदलला की मंद आचेवर तव्यात कोरड्या करायला सांगितल्या, आणि सिलिंडरवरचा शिक्का वडिलांना दाखवला. या सिलिंडरांना दहा वर्षांची मुदत असते. त्यांच्याकडच्याची पुढच्या वर्षी संपत होती. नवीन सिलिंडरसाठी आतापासूनच पैसे बाजूला ठेवा, असं त्यांना सांगितलं.